ठाण्याची पायरी चढताना

ती. आई-बाबा,

शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढे नवे कायदे आले, सुधारणा झाल्या म्हणतात, मग पोलीस ठाण्यात गेलेल्या माणसाला फरक का जाणवत नाही?" फोनवर चार वाक्यांत आटपण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून सविस्तर लिहिते. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्या घराघरांत मुरलेलं आहे आणि त्यात ठाण्याची पायरी न सांगताच धरलेली असते. पण गळ्यातलं कुणी खेचून नेलं, खात्यातून पैसे गेले, तर ती चढावीच लागते. तेव्हा तिथे नेमकं काय मागायचं, हे तुम्हा दोघांना ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

फरक का जाणवत नाही, ते आधी. आपल्या पोलीस यंत्रणेचा साचा १८६१ च्या पोलीस कायद्यातला, म्हणजे १८५७ चा उठाव मोडून काढल्यानंतर लगेचचा. राज्य राखणं हा त्याचा हेतू होता, फिर्यादीचं ऐकून घेणं हा नव्हता. महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा १९५१ चा, पण वळण तेच राहिलं. आणीबाणीनंतर १९७७ मध्ये राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला. त्याने १९८१ पर्यंत आठ अहवाल दिले आणि ते बहुतांशी धूळ खात पडले. शेवटी प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस महासंचालकांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिचा निकाल लागला २२ सप्टेंबर २००६ रोजी, म्हणजे दहा वर्षांनी. न्यायालयाने सात निर्देश दिले. त्यांतले आपल्याशी थेट संबंध येणारे असे: ठाण्याच्या प्रमुखाला किमान दोन वर्षं एका जागी राहू द्या, बदल्या-नेमणुका पोलीस अधिकाऱ्यांच्याच मंडळाकडे सोपवा, मोठ्या शहरांपासून सुरुवात करून तपासाची माणसं बंदोबस्ताच्या माणसांपासून वेगळी करा, आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्राधिकरण नेमा.

पोलीस हा राज्यसूचीतला विषय, त्यामुळे प्रत्येक राज्याने आपापल्या सोयीने हे निर्देश कायद्यात उतरवले. आपल्याकडे २०१४ मध्ये दुरुस्ती झाली. दोन वर्षांचा कालावधी त्यात आला खरा, पण त्याबरोबरच जनहित आणि प्रशासकीय निकड या कारणांसाठी मुदतीआधी बदली करण्याची वाटही आली. आपण या खुर्चीत किती दिवस आहोत हे ज्या निरीक्षकाला ठाऊक नाही, तो हद्दीतले किचकट, जुने तपास हातात घ्यायला कचरतो. आणि तपास वेगळा करण्याचं म्हणाल, तर माझ्या मते सातही निर्देशांत तोच सर्वांत मोलाचा, पण त्याच्यावर सर्वांत कमी बोललं जातं. ज्या फौजदाराकडे तुमच्या चोरीचा तपास, तोच मिरवणुकीला, सभेला, दौऱ्याला बंदोबस्तावर उभा असतो. तो परत येईपर्यंत बाजूच्या दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण पुसून त्यावर नवं चढलेलं असतं. तपास बिघडतो तो असा. त्यात दरवेळी कुणाचा वाईट हेतू असतोच असं नाही.

आता ठाण्याच्या आत. समोर बसतो तो ठाणे अंमलदार. कागद त्याच्या हाताने होतो, पण गुन्हा दाखल करायचा की नाही हे बहुतेक वेळा आतल्या खोलीतून ठरतं. हद्दीत गुन्ह्यांचा आकडा वाढला की वरच्या बैठकीत जाब विचारला जातो. म्हणून चोरीला गेलेला मोबाईल कागदावर 'गहाळ' होतो आणि मारहाण अदखलपात्रात जाते. गहाळ नोंदीवर तपास होत नाही, आणि अदखलपात्र नोंदीवर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करताच येत नाही. नोंदवलेल्या गुन्ह्यांच्या संख्येवरून अधिकाऱ्याची पारख करणं थांबत नाही, तोवर हे थांबणार नाही, असं माझं ठाम मत आहे. ज्या ठाण्यात गुन्हे जास्त नोंदले जातात, तिथे लोकांचं ऐकलं जात असण्याचीच शक्यता जास्त.

कायद्याची बाजू मात्र स्वच्छ आहे. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करता येतो अशा गुन्ह्याची, खबर मिळाली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तपास आणि अटक कशी करायची हे ठरवणाऱ्या कायद्याच्या, कलम १७३ ने त्यात भर घातली. घटना कुठल्याही हद्दीतली असो, खबर घ्यावीच लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. इलेक्ट्रॉनिक मार्गानेही कळवता येतं, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एक पळवाटही आहे, ती माहीत असू द्या. ज्या गुन्ह्याला तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा आहे, तिथे उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने आधी प्राथमिक चौकशी करता येते. तिला मुदत चौदा दिवसांची. "आधी चौकशी करतो" असं कुणी म्हणालं, तर परवानगी कुणाची आणि कुठल्या तारखेची, हे नम्रपणे विचारा.

आई, तुझ्या गळ्यातल्याचा विषय निघाला आहे म्हणून सांगते. खेचून नेण्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेत, म्हणजे गुन्हे आणि शिक्षा ठरवणाऱ्या कायद्यात, आता कलम ३०४ मध्ये वेगळा आहे. फिर्याद सांगताना "गेलं" किंवा "पडलं" म्हणू नकोस, "खेचलं" म्हण. त्या एका शब्दाने कलम बदलतं. किती जण होते, गाडी कुठल्या रंगाची, कुठल्या दिशेने पळाले, हे रांगेने सांग. वस्तूची किंमत लिहून घे आणि पावती असेल तर जोड, कारण पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या चोरीचे काही प्रकार नव्या कायद्याने अदखलपात्र केले आहेत.

एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, तो हक्क आहे. ती हातात आली की घडी घालून पिशवीत ठेवू नका, तिथेच बाकावर बसून वाचा. वरच्या भागात गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि लावलेली कलमं असतात. तिसऱ्या रकान्यात तीन गोष्टी शेजारी-शेजारी येतात: गुन्हा कधी घडला, ठाण्याला खबर कधी मिळाली, आणि स्टेशन डायरीतल्या नोंदीचा क्रमांक. तुम्ही सकाळी दहाला गेलात, बसवून ठेवून संध्याकाळी सहाला लिहून घेतलं आणि खबरीची वेळही सहाचीच पडली, तर ते आठ तास तुमच्या नावावर उशीर म्हणून जमा होतात. पुढे उलटतपासणीत आरोपीचा वकील नेमकं तेच विचारतो: एवढा वेळ काय करत होता, कुणाशी सल्लामसलत केली? म्हणूनच आठवा रकाना उशिराच्या कारणाचा आहे. तो कोरा असेल तर खरं कारण लिहायला लावा. मग मालमत्तेचा तपशील, आणि शेवटी तुमच्या शब्दांतली हकिकत. न वाचता सही करायची नाही, आणि कोऱ्या कागदावर तर कधीच नाही. गुन्ह्यानंतर साक्षीदार म्हणून तपासात जो जबाब घेतात, त्याचं उलट आहे. त्यावर साक्षीदाराची सही घ्यायचीच नसते, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८१ तसंच सांगतं.

नोंदवायला नकार मिळाला तर वाद घालू नका. आवाज चढला की मूळ विषय बाजूला पडतो. तोच मजकूर अर्ज म्हणून दोन प्रतींत लिहा, एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का नाकारला तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना, शहरात उपायुक्तांना, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. त्यानेही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. पण आधीच्या दोन पायऱ्यांचे पुरावे नसतील तर बहुतेक अर्ज तिथेच अडतात. लोक नेमकी मधली पायरी गाळतात. गुन्हा दाखल झाल्यावर नव्वद दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे फिर्यादीला कळवणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे. नव्वदावा दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि कळवलं नाही तर तपासी अंमलदाराला लेखी विचारा.

बाबा, साक्षीसाठी तुम्हाला ठाण्यात "येऊन जा" असा फोन आला, तर जाण्याची सक्ती नाही. त्याच संहितेच्या कलम १७९ प्रमाणे साठ वर्षांवरच्या पुरुषाला आणि कोणत्याही वयाच्या स्त्रीला राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. जुन्या कायद्यात पुरुषांसाठी ही मर्यादा पासष्ट होती. बोलावणं लेखी असावं लागतं. आपणहून जायचं असेल तर जाऊ शकता. मात्र हे साक्षीदारापुरतं. संशयित म्हणून कलम ३५ ची नोटीस आली तर ती पाळायची, आणि त्याआधी वकिलाशी बोलायचं. त्याच कलमात असंही आहे की तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीच्या पुढच्या माणसाला उपअधीक्षकांच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही. अशी नोटीस व्हॉट्सॲपवर बजावू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे.

इथूनच 'डिजिटल अटके'कडे वळते, कारण तुमच्या वयाची माणसं त्यातच जास्त सापडतात. गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, तुमच्या आधार क्रमांकावर गुन्हा आहे म्हणतो, कॅमेरा बंद करू नका, कुणाला सांगू नका, 'पडताळणीसाठी' पैसे पाठवा म्हणतो. अशी अटक कुठल्याही कायद्यात नाही. अटक समोरासमोर होते, पोलिसाच्या अंगावर नाव दिसेल अशी पट्टी असावी लागते, अटकेचा मेमो होतो, त्यावर साक्षीदाराची सही असते, अटकेची कारणं सांगावी लागतात आणि नातेवाइकाला कळवावं लागतं. यातलं काहीही फोनवर होत नाही. कॉल कापा आणि मला फोन करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

पैसे गेलेच, तर पहिल्या काही मिनिटांत १९३० हा पैशांच्या फसवणुकीचा मदत क्रमांक लावा. हातात हवं ते एवढंच: कुठल्या खात्यातून, किती रक्कम, किती वाजता, आणि बँकेच्या संदेशातला व्यवहार क्रमांक. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात. ते वाटेत कुठे सापडले तर बँक रोखून धरते, काढून घेतले गेले की हात रिकामे. आणि १९३० वर मिळालेला पोच क्रमांक म्हणजे एफआयआर नव्हे. गुन्हा वेगळा नोंदवावा लागतो. रोखलेली रक्कम परत मिळवायला बहुधा न्यायालयाचा आदेश लागतो. इथेही सुधारणेतली एक गाठ आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे त्या कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच करायचा. ठाण्यात निरीक्षक मोजके, सायबर तक्रारी ढीगभर. तपास का रेंगाळतो हे त्या एका ओळीत आहे. ती अट शिथिल करून प्रशिक्षित उपनिरीक्षकांना तपास द्यायला हवा असं मला वाटतं, पण प्रशिक्षण आधी, अधिकार नंतर.

राहिला कॅमेऱ्यांचा विषय. ठाण्याचं प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, निरीक्षकांची खोली, सगळीकडे आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवा आणि ते चित्रण अठरा महिने, निदान वर्षभर जपा, असं सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंह सैनी प्रकरणात सांगितलं. कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाण्याच्या प्रमुखावर आहे. तरी २०२५ मध्ये न्यायालयाला कोठडीतल्या मृत्यूंच्या बातमीवरून पुन्हा स्वतःहून दखल घ्यावी लागली. कुणी तुमच्याशी अरेरावी केली तर तारीख आणि वेळ लगेच लिहून ठेवा आणि चित्रण जपून ठेवावं असा अर्ज त्याच आठवड्यात द्या. गंभीर प्रकार असेल तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडेही जाता येतं.

अंमलदाराशी बोलताना मात्र त्याला नावाने किंवा 'साहेब' म्हणून हाक मारा, पाणी विचारलं तर घ्या. बारा-बारा तासांच्या पाळीत तो माणूसही पिचलेला असतो आणि त्याचे हाल कमी करणं हाही सुधारणेचाच भाग आहे.

आई, फोनशेजारच्या वहीत तीन आकडे मोठ्या अक्षरांत लिहून ठेव: ११२ तातडीच्या मदतीला, १९३० पैशांच्या फसवणुकीला, १४५६७ ज्येष्ठांच्या मदतीला. बाबा, सोन्याच्या पावत्यांचे आणि दोघांच्या मोबाईलच्या खोक्यांवरच्या आयएमईआय, म्हणजे फोनच्या ओळखीच्या, क्रमांकांचे फोटो काढून मला पाठवा. खोकी टाकून दिली असतील तर फोनवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबा, पंधरा आकडी क्रमांक दिसेल.

तुमची,
लेक