बाबा, डबे मी बंद केले

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, वाईट बातमी आधी सांगून टाकते. तुमच्या त्या मांसाच्या स्ट्यूच्या बंद डब्यांची दर महिन्याची ऑर्डर मी रद्द केली आहे. तुम्हाला विचारायला हवं होतं, कबूल. पण विचारलं असतं तर तुम्ही ‘बघू’ म्हणाला असता, आणि तुमच्या ‘बघू’चा अर्थ आईला आणि मला गेल्या उन्हाळ्यात पुरता कळला. फळीवर तीन डबे उरलेत. त्यांना कुणी हात लावणार नाही, सावकाश संपवा.

रागावण्याआधी चष्मा लावून डब्याची मागची बाजू वाचा. सोडियम ९०० मिलीग्रॅम लिहिलंय. तो आकडा एका सर्व्हिंगचा आहे, आणि डब्यात सर्व्हिंग दोन. अर्धा डबा झाकून ठेवणाऱ्यांतले तुम्ही नाही. म्हणजे झाले १८००. सोडियमवरून मीठ काढायला अडीचने गुणा, साडेचार ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसात ५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. तुमचा दिवसाचा हिशेब रात्रीच्या एका वाडग्यात संपतो, आणि सकाळच्या बीपीच्या आकड्याला आपण हवामानाची कारणं देतो. दुसरं कारण आईचं. तिने मांस सोडल्यापासून ती रोज दोन स्वयंपाक करते. ती बोलणार नाही, म्हणून मी बोलते आहे.

म्हणून आता स्ट्यू घरीच करायचा, मांसाशिवाय, दोघांना मिळून एकच. तुमचा वाडगा तोच राहील, वेळ साडेसातचीच, आणि तुमच्या खुर्चीत कुणी बसणार नाही. चवही तीच राहील, हे मी उगाच समजूत काढायला म्हणत नाही. डब्याची चव मांसाची कमी आणि रश्शाची जास्त असते. सुक्या कांद्याची पूड, टोमॅटो, यीस्टचा अर्क, मिरी, आणि डबा बंद करून सुमारे १२० अंशांवर शिजवल्यामुळे एकमेकांत मुरलेल्या भाज्या. हे सगळं घरी जमतं. चुकतं ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी: ताजा कांदा आहे म्हणून पूड घालत नाहीत. मग पदार्थ चांगला होतो, पण ‘डब्यासारखा’ होत नाही. दोन्ही घालायचे.

आई, हे चार वाडग्यांचं माप. ६० ग्रॅम सोया चंक्स, छोट्या आकाराचे. बटाटे ३०० ग्रॅम, गाजर २००, ताजे मश्रूम २००, एक मोठा कांदा, तीन लसूण पाकळ्या, अर्धी वाटी मटार. सुके शिटाके मश्रूम १० ग्रॅम. टोमॅटो पेस्ट दोन मोठे चमचे, मैदा दोन मोठे चमचे, सोया सॉस एक मोठा चमचा, तेल तीन. कांद्याची पूड एक छोटा चमचा, मिरपूड आणि सुकं थाइम (तो वासाचा सुका पाला) अर्धा अर्धा, एक तमालपत्र. मीठ अर्धा छोटा चमचा, आणि तेही शेवटी. सोया सॉसमधलं मीठ धरून एका वाडग्यात साधारण सव्वा ग्रॅम येतं.

शिटाके आदल्या रात्री पाव लिटर गार पाण्यात फ्रीजमध्ये भिजत घाल. ते तपकिरी पाणी ओतून देऊ नकोस, खरा जीव त्यातच आहे. टोमॅटो आणि सोया सॉसमधलं ग्लुटामेट आणि सुक्या मश्रूममधलं ग्वानिलेट ही दोन चव देणारी द्रव्यं एकत्र आली की दोघांच्या बेरजेपेक्षा चव कितीतरी दाट लागते. मांसाच्या रश्शातही ग्लुटामेटला अशीच जोड मिळते, फक्त तिथे जोडीदार इनोसिनेट असतं. पाणी गाळून घे, तळाशी थोडी रेती असते.

मागच्या वेळचा सोया आठवून नाक मुरडू नका. तो रबरासारखा लागला आणि त्याला वास आला, कारण चंक्स कोरडेच रश्शात टाकले होते. उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, मग गार पाण्यात, मग दोन्ही तळहातांत घट्ट दाबून पिळायचे. पहिलं पाणी दुधट, फेसाळ निघतं. वास त्याच्याबरोबर जातो. पुन्हा गार पाणी, पुन्हा पीळ, आणि बोटांना ओल लागेनाशी होईपर्यंत. स्पंज आधीच भरलेला असेल तर रस्सा आत शिरणार कुठून? बाबा, पिळायचं काम तुमचं. आईच्या मनगटाला ते नको.

पिळलेल्या चंक्सवर निम्मा सोया सॉस चोळा आणि एक चमचा तेलात सगळ्या बाजूंनी तांबूस करून काढून ठेवा. मग ताजे मश्रूम, पण दोन घाण्यांत. मश्रूममध्ये जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं. सगळे एकदम टाकले तर ते स्वतःच्याच पाण्यात उकडतात आणि राखाडी राहतात. पाणी आटून कडा तपकिरी होईपर्यंत डाव लावू नका.

त्याच पातेल्यात उरलेलं तेल, कांदा, लसूण. कांदा मऊ झाला की टोमॅटो पेस्ट टाका आणि लाल रंग विटकरी होईपर्यंत परता, तीन मिनिटं तरी. कच्ची पेस्ट आंबट लागते. मग मैदा, आणखी दोन मिनिटं. तळाला चिकटेल, घाबरू नका; रश्शाचा रंग तिथूनच येतो. फक्त काळं होऊ देऊ नका. आता शिटाक्यांचं पाणी थोडं थोडं घालत तळ खरवडा, मग अर्धा लिटर गरम पाणी, उरलेला सोया सॉस, कांद्याची पूड, मिरपूड, थाइम, तमालपत्र, चिरलेले शिटाके, परतलेले मश्रूम, सोया, गाजर. मंद आचेवर पंधरा मिनिटं. नंतर बटाटे, अजून वीस. बटाटा लवकर शिजत नाही म्हणून आच वाढवू नका. टोमॅटोच्या आंबटपणात तो सावकाशच मऊ होतो. मटार शेवटच्या पाच मिनिटांत, आणि मग मीठ. कुकर लावू नका, बटाट्याचा गाळ होतो.

पातळ वाटला तर बटाट्याच्या चार फोडी पातेल्याच्या कडेला चेपून ढवळा. मांसातल्या जिलेटिनमुळे ओठांना जो चिकटपणा जाणवतो तो मात्र पूर्णपणे येणार नाही, एवढं खरं सांगते. चेपलेला बटाटा बऱ्यापैकी जवळ नेतो.

आणि लगेच वाढू नका. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत गरम करा. डब्याचा मुरलेपणा त्या एका रात्रीत येतो. तीन दिवसांत संपवा. फ्रीझरमध्ये नको, बटाटा रवाळ होतो.

गाजर गोल चकत्यांतच चिरा. चौकोनी फोडी सोप्या पडतात, पण बाबा, चकतीवर फुंकर घालून ती चमच्याच्या टोकावर उभी करून माझ्यासमोर धरायचात, ते चौकोनी गाजराने जमत नाही. आता आईच्या दाढेसाठी अर्धा सेंटीमीटरच्या ठेवा, तिने मागितल्या नाहीत तरी.

आता नीट ऐका. आई, थायरॉइडच्या गोळीनंतर चार तास तरी सोया नको. तू गोळी सकाळी घेतेस, स्ट्यू रात्री खायचा, त्यामुळे काही बदलायचं नाही. फक्त उरलेला सकाळी गरम करून खाऊ नकोस. पुढच्या रक्ततपासणीत बी-१२ लिहून घे, मांस सोडल्यावर ते बघावंच लागतं. बाबा, कमी सोडियमचं मीठ स्वतःच्या मनाने आणायचं नाही. त्यात पोटॅशियम असतं, आणि तुमची बीपीची गोळी पोटॅशियम वाढवणारी आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती पुडी घरात नको. चव सपक लागली तर वाढताना एक छोटा चमचा व्हिनेगर घाला. आंबटपणाने मिठाची उणीव बरीच झाकली जाते.

पहिल्यांदा कराल तेव्हा तिसऱ्या डब्यातला अर्धा शेजारी घेऊन बसा. दोन्ही चाखा आणि काय कमी आहे ते फोनवर सांगा, मी माप बदलून देते. ‘चांगलं झालंय’ एवढंच सांगू नका. आई, तूसुद्धा.

तुमची,
छोटी