काचेच्या बोटीबद्दल, अव्याला

नेरूळ,
रविवार, रात्री

प्रिय अव्या,

काकांना पाण्याची भीती, काकूंचे गुडघे, आणि तरीही अंदमान! मग प्रवाळ दाखवणाऱ्या त्या काचेच्या तळाच्या बोटीवर पैसे घालवावेत का, असं तू विचारलंस आणि मी फोनवर नुसतं ‘घालव रे’ म्हणून मोकळा झालो. तेवढ्यावर तुझं समाधान होणार नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून आता सगळे झोपल्यावर नीट लिहायला बसलोय.

आमचीही तीच गत होती. स्मिता आणि ऋतू तोंडाला नळी लावून बेधडक पाण्यात. आईने मात्र किनाऱ्यावरच जाहीर केलं, “मी साडी भिजवणार नाही.” काचेची बोट नसती तर तिने अख्खं अंदमान खुर्चीत बसून पाहिलं असतं. आम्ही जॉली बॉय बेटावर गेलो होतो. वंडूरच्या धक्क्यावरून मोठी बोट निघते. हा सगळा भाग महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाचा, १९८३ पासून संरक्षित. चढण्यापूर्वी पिशव्या तपासतात, प्लास्टिक चालत नाही. वाटेत दोन्ही बाजूंना खारफुटी. आई म्हणाली, “एवढं विमानाने येऊन हेच बघायचं होतं, तर ऐरोलीला काय वाईट होतं?” फ्लेमिंगो बघायला आम्ही तिला ऐरोलीहून बोटीने खाडीत नेलं होतं, ते तिच्या डोक्यात. पण झाडं तीच असली तरी पाण्यात जमीन-अस्मानाचा फरक. आपल्या खाडीचं पाणी दूध घातलेल्या चहासारखं. त्या गाळावर फ्लेमिंगो पोसतात खरे, पण प्रवाळाला तिथे थारा नाही, त्याला ऊन हवं असतं. तिकडे किनाऱ्याची खारफुटी बराचसा गाळ अडवून धरते आणि पुढचं पाणी नितळ राहतं.

जॉली बॉयला धक्का नाही. मोठी बोट लांब उभी राहते आणि काचेच्या छोट्या होड्या किनाऱ्यावर नेऊन सोडतात, म्हणजे थोडं दर्शन आपोआप होतंच. नंतर लांबची फेरी हवी तर वेगळे पैसे. ती घेच. होडीच्या तळाला मधोमध जाड काच बसवलेली असते आणि दोन्हीकडे बाकं. सगळे गुडघ्यांवर कोपर टेकून खाली वाकलेले, एखाद्या विहिरीत कुणाचं काय पडलंय ते शोधत असल्यासारखे. एक सांगून ठेवतो: पाण्यातून बघताना तळ आहे त्यापेक्षा जवळ भासतो, चार फुटांवरचा तीन फुटांवर. ऋतू सारखी म्हणत होती, “बाबा, घासणार!” काही घासत नाही.

आता मुख्य गोष्ट. काकांना आधीच सांग की टीव्हीवर दिसतात तसले रंग दिसणार नाहीत. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं, खाली उरतो निळा-हिरवा. आणि प्रवाळ मुळात बरेचसे तपकिरी, शेवाळी, मातकट. आमच्या होडीतलं एक कुटुंब पाचच मिनिटांत कंटाळलं. “सब पत्थर ही है,” असं म्हणत बाई मोबाइल बघू लागल्या. मग एका ठिकाणी हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या आल्या, पांढऱ्याशुभ्र. झालं, सगळे काचेवर तुटून पडले, फोटोंचा पाऊस. होडीवाला शांतपणे म्हणाला, “वो बीमार है.”

प्रवाळ म्हणजे इवलाल्या प्राण्यांची वसाहत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, उन्हावर अन्न तयार करतं आणि घरमालकाला त्यातला मोठा वाटा देतं. तपकिरी रंग बहुतेक त्या भाडेकरूचाच. पाणी नेहमीपेक्षा अंशभर जरी जास्त तापलं आणि आठवडे तसंच राहिलं, की हे भाडेकरू घराबाहेर पडतात. मग पारदर्शक कातडीतून खालचा चुन्याचा सांगाडा दिसतो, तेच ते पांढरंशुभ्र. लगेच मरत नाही. पाणी वेळेत निवलं तर रंग परत येतो, नाहीतर उपासमार. अंदमानात २०१० साली हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. एप्रिल २०२४ मध्ये तर शास्त्रज्ञांनी जगभर चौथ्यांदा असं घडत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा होडीत ज्याला सगळे ‘पत्थर’ म्हणतील ते धडधाकट आणि ज्यावर सगळे भाळतील ते आजारी, एवढं ध्यानात ठेवून बस. मला तर त्यानंतर मातकट रंग दिसला की बरं वाटायचं. गोल, डोंगरासारखे जे प्रवाळ असतात ते वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. एक तर चांगला माणसाच्या छातीइतका उंच होता, म्हणजे सेल्युलर जेलची पहिली वीट १८९६ साली बसली साधारण त्याच सुमाराचा असणार. जेल बघून आलेल्या आईला हे सांगितलं, तर ती बराच वेळ वळून वळून त्याच्याकडे बघत राहिली.

पण आईची खरी कळी खुलली मासे आल्यावर. जन्मभर दिवाळे गावच्या मासळी बाजारात घासाघीस केलेली बाई! “हा गोबरा. ही तांबोशीच्या घरातली कुणीतरी.” मधेच, “काटा फार असणार,” असाही शेरा. निळा-हिरवा पोपटमासा प्रवाळ कुरतडताना दिसला. तो खरवडलेला चुना पोटात दळतो आणि मागून वाळू टाकतो, तिथली बरीच पांढरी वाळू अशीच तयार होते. ऋतूला हे कळल्यापासून किनाऱ्यावर अनवाणी चालणं बंद. आईला एकच तक्रार राहिली, पोवळं दिसलं नाही. मंगळासाठी घालतात ते लाल पोवळं भूमध्य समुद्राकडचं, वेगळ्या जातीचं, हे तिला पटलं आहे असं वाटत नाही.

परत आल्यावर मी उगाच शोधत बसलो आणि कळलं की प्रवाळ मुंबईतही आहेत! वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरचे काही प्रवाळ किनारी रस्त्याच्या कामासाठी, २०२० मध्ये, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने उचलून दुसरीकडे नेऊन बसवले. वाघाला कायद्यात जे संरक्षण आहे तेच त्यांना आहे. अंदमानच्या वाळूतलं मेलेलं प्रवाळसुद्धा म्हणूनच उचलायचं नाही, विमानतळावर काढून घेतात. तुझ्या चिंट्याला हे निघण्याआधीच बजाव.

बाकी किरकोळ. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नकोस, तिकडे तेव्हा अजून पाऊस असतो. जानेवारी ते मार्च उत्तम. ऊन डोक्यावर असतानाची फेरी माग, सकाळच्या तिरप्या उन्हात काचेत स्वतःचंच तोंड दिसतं. काकांना पोट भरून खायला घालू नकोस. सतत खाली बघून हेलकाव्यांनी मळमळतं, आमच्या होडीतले एक काका फार बेजार झाले. काकूंना चढता-उतरता होडीवाले हात देतात, त्याची काळजी नको. आणि जॉली बॉय वर्षभर उघडं नसतं, काही महिने ते बंद ठेवून शेजारचं रेड स्किन बेट उघडतात, तेव्हा तारखा ठरवण्याआधी वनखात्याकडे चौकशी कर.

तिकिटं काढलीस की कळव. जाताना एक रात्र आमच्याकडे थांबा, आईला काकांना माशांबद्दल बरंच काही सांगायचं आहे.

तुझा,
नित्या

ता. क. डबा स्टीलचाच ने. पोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळल्यास तर धक्क्यावरच उघड्या कराव्या लागतील.