उत्तर न सांगितल्याबद्दल आभार

प्रिय काका,

सा. न. वि. वि.

शब्दकोडी सोडवायला शिकवल्याबद्दल तोंडावर आभार मानले की तुम्ही "पुरे, चहा घे" म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र. चार लोकांसमोर तरी ऐकून घ्याल.

भारतात असताना 'द हिंदू'चं क्रिप्टिक, म्हणजे मुद्दाम फसव्या सूचक वाक्यांचं (क्लूंचं), इंग्रजी शब्दकोडं सुटायचं, त्यामुळे थोडी शिष्टही झाले होते. इथे इंग्लंडात शनिवारच्या 'टाइम्स'मधलं 'लिसनर' नावाचं कोडं पाहिलं आणि डोकंच चालेना. काळे चौकोन नाहीत, नुसत्या जाड रेघा. वर परिच्छेदभर सूचना: प्रत्येक क्लूमध्ये एक शब्द जादा आहे, त्या शब्दांच्या आद्याक्षरांतून एक आदेश तयार होतो, तो पाळून भरलेली चौकट बदला. म्हणजे कोडं सुटलं की खरं कोडं सुरू! १९३० पासून लोक हे हौसेने करताहेत.

तुम्ही लिसनर बाजूलाच सारलंत आणि कागदावर लिहिलंत: 'सायलेंट, डिस्टर्ब्ड? पे अटेंशन (६)'. मी रुसून गप्प बसलेल्या माणसाचा विचार करत राहिले. तुम्ही 'सायलेंट'च्या स्पेलिंगमधली सहा अक्षरं गोलाकार मांडलीत आणि पेन्सिल माझ्या हातात दिलीत. मग कुठे 'लिसन' दिसलं: 'डिस्टर्ब्ड' म्हणजे अक्षरं विस्कटा, आणि 'पे अटेंशन' हा उत्तराचा अर्थ. तुम्ही म्हणालात, "वाक्य काय सांगतंय ते विसर. एका टोकाला व्याख्या, उरलेल्यात कृती. एकही शब्द फुकट नसतो."

लिसनरची किल्ली तीच निघाली. बाकी प्रत्येक शब्दाला काम असतं, म्हणूनच बिनकामाचा उघडा पडतो.

हा काटेकोरपणा कुठून आला तेही तुमच्याकडूनच कळलं. 'ऑब्झर्व्हर' या वृत्तपत्रात १९२६ पासून टॉर्कमाडा हे टोपणनाव घेतलेला कोडीकार सोडवणाऱ्यांचा छळ मांडत होता. १९३९ मध्ये त्याच्या जागी झिमेनीझ आला आणि त्याने शिस्त लावली: क्लूने हवं तेवढं फसवावं, पण व्याकरणात खोटं बोलू नये. १९७२ मध्ये अझेड आला. पहिली दोन नावं स्पॅनिश इन्क्विझिशनच्या, म्हणजे छळासाठी कुप्रसिद्ध धर्मन्यायालयाच्या, प्रमुखांची, आणि 'अझेड' म्हणजे आणखी एका प्रमुखाचं, डेझाचं, नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये उलटं! हे सांगताना तुम्ही जितके खूश दिसता तितके नातवाचे फोटो दाखवतानाही दिसत नाही.

आणि तो चेंबर्स शब्दकोश. पाठीला चिकटपट्टी लावलेली तुमची स्वतःची प्रत तुम्ही सहज उचलून दिलीत. स्कॉटलंडातले आणि स्पेन्सरच्या कवितेतले शब्द शोधताना त्याशिवाय पान हलत नाही. परत मागू नका, एवढी विनंती.

सर्वांत मोठे आभार मात्र तुमच्या गप्प बसण्याचे. उत्तर तुम्हाला ठाऊक असायचं, चेहऱ्यावर दिसायचं, तरी "व्याख्या कुठल्या टोकाला आहे?" एवढंच विचारायचात.

काकूंना नमस्कार.

ता. क. या शनिवारच्या आद्याक्षरांतून 'टर्न' एवढं वाचता येतंय. काय फिरवायचं ते सांगू नका, कळलं की मीच फोन करते.