बाळाला मध नको

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर ताई म्हणाली, बाळाला सर्दी झालीये, खोकल्याने रात्रीची झोप मोडते आणि तू मधाचं बोट चाटवूया म्हणतेस. फोनवर घाईत नीट बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. बाळाला वर्ष पूर्ण होईपर्यंत तिच्या तोंडात मधाचा थेंबही जाऊ देऊ नका.

मधात कधीकधी बोट्युलिझमच्या, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराच्या, जंतूंचे बीजाणू (बियांसारखी सुप्त रूपं) असतात. आपल्या पोटात ते रुजत नाहीत. तान्ह्या बाळाचं आतडं अजून तयार झालेलं नसतं, तिथे ते वाढतात आणि विष तयार करतात. आधी बद्धकोष्ठ होतं, मग दूध ओढायची ताकद कमी होते, रडणं क्षीण होतं, पापण्या जड होतात, मान धरवत नाही. श्वासावरही बेतू शकतं. मध शुद्ध असला किंवा उकळून घेतला, तरी हे बीजाणू मरत नाहीत. असं फार क्वचित होतं, हे खरं. पण सर्दी आपोआप बरी होणार असताना तेवढाही धोका कशाला पत्करायचा? तान्ह्या बाळांमधला हा आजार ओळखला गेला १९७६ साली, त्यामुळे त्याआधीच्या बायकांना हे ठाऊक असणं शक्यच नव्हतं. तू मनाला लावून घेऊ नकोस.

बाळाला थोडं थोडं पण वारंवार पाजा. पाजण्याआधी नाकात सलाइनचे थेंब घाला, म्हणजे नाक मोकळं होऊन तिला नीट पिता येईल. वाफेचं पातेलं तिच्या जवळपासही नको, उकळतं पाणी सांडून मुलं भाजतात. श्वास भरभर चालला, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा ती दूधच घेईना, तर उजाडायची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.

बाबांच्या खोकल्याला मात्र मध जरूर द्या. इकडे ब्रिटनमध्ये ‘नाइस’ ही सरकारी संस्था डॉक्टरांना उपचारांच्या सूचना देते, तिनेही २०१९ मध्ये साध्या खोकल्यासाठी मधाचं नाव घेतलं आहे, अर्थात एक वर्षावरच्यांसाठीच. असा खोकला बहुधा विषाणूंमुळे होतो, त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. झोपताना चमचाभर मध नुसता किंवा कोमट पाण्यात घेतला की घशाला आराम पडतो. फक्त बाबांची शुगर लक्षात ठेव, एका छोट्या चमच्यात साधारण ६ ग्रॅम साखर जाते. घसा दुखला तर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करू देत. तीन आठवडे उलटूनही खोकला राहिला तर छाती तपासून घ्यायची, त्यात चालढकल नको.

अजून एक. हात भाजला की तू त्यावर मध लावतेस. इस्पितळात जखमेवर मध वापरतात खरा, पण तो गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, आपल्या बरणीतला नव्हे. भाजल्याबरोबर हात नळाच्या धारेखाली धर, चांगली वीस मिनिटं. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही लावू नकोस.

हे पत्र ताईलाही वाचायला दे. बाबांना नमस्कार, बाळाला गोड पापा.

तुझी,
धाकटी