निळा ठिपका

पुणे,
१७ ऑगस्ट

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर डाळिंबावरच्या तेल्या रोगावरून तू तणतणलास, "कॉपर मारलं, स्ट्रेप्टो मारलं, तेल्या काही हटत नाही. औषधच डुप्लिकेट!" असेलही. तुझ्या दुकानदाराची वकिली मी करत नाही. पण आणखी एक शक्यता आहे: तेल्याचा जिवाणूच औषधाला दाद देईनासा झाला असेल. फोनवर तू मला बोलू दिलं नसतंस, म्हणून हा कागद.

जिवाणूच्या पेशीत मुख्य गुणसूत्राखेरीज डीएनएची एखादी छोटी बांगडी असते. तिला प्लाझ्मिड म्हणतात. एरवी तिच्यावाचून त्याचं काही अडत नाही. पण तांबं, म्हणजे तुझं कॉपर, सोसायची जनुकं पुष्कळदा तिच्यावरच बसलेली असतात, आणि ही बांगडी दुसऱ्याला देता येते. केसासारख्या तंतूने एक जिवाणू शेजाऱ्याला जवळ ओढतो, बांगडीचा एक धागा उलगडून त्याच्यात सोडतो, मग दोघंही आपापल्या धाग्याची जोडी पुरी करतात. देणाऱ्याचं काहीच जात नाही! शेजारी जातभाईच हवा असंही नाही.

कॅलिफोर्नियात टोमॅटोवरच्या स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूत असं प्लाझ्मिड सापडलं. त्याच्यावरच्या जनुकांमुळे बनणारी प्रथिनं पेशीच्या दोन पापुद्र्यांच्या मधेच तांबं धरून ठेवतात, आत पोचू देत नाहीत. मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, घातलेल्या बशीत हा जिवाणू वाढवला की त्याचा ठिपका चक्क निळा होतो. मोरचुदाचं बोर्डो मिश्रण ढवळायच्या तुझ्या काठीला खालून चढलाय ना, तसला निळा.

फ्लोरिडातली गोष्ट तर तुझ्या जास्त जवळची. तिथे मिरचीवर ठिपके पाडणारा झँथोमोनास नावाचा जिवाणू आहे, म्हणजे तेल्याच्याच भावकीतला. १९८६ साली दिसून आलं, की तांब्याला दाद न देणारं त्याचं जनुक आणि मिरचीशी झटापटीत कामाला येणारं एक जनुक, दोन्ही एकाच प्लाझ्मिडवर आहेत, आणि ते प्लाझ्मिड स्वतःच दुसऱ्या जिवाणूत जातं. गंमत म्हणजे हे दुसरं जनुक चुगलखोर निघालं. मिरचीच्या काही वाणांना त्याची खूण पटते. ते वाण लागण झालेल्या पेशी तिथल्या तिथे मारून टाकतात आणि रोग अडतो. बाकीच्या वाणांवर मात्र कॉपर मारत राहिलं की ही जोडगोळी आयतीच पोसली जाते.

आता तुझा हिशेब बघ. कॉपरमधून वाचला तर स्ट्रेप्टोने, म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाने, मरेल, म्हणून तू दोन्ही एकत्र मारतोस. दोन्हींची तोड एकाच बांगडीवर असेल तर नुसत्या कॉपरच्या फवारणीनेसुद्धा स्ट्रेप्टोला न जुमानणारे जिवाणू माजतात. आणि स्ट्रेप्टोमायसिन चुकवणारी जी जनुकं अमेरिकेतल्या सफरचंदाच्या बागांत सापडली, तीच माणसाच्या आतड्यातल्या जिवाणूंतही आहेत. हे वाचून मीही जरा दचकलो होतो.

येताना डागाची पानं आण. ओली नकोत, वर्तमानपत्रात गुंडाळ. प्रयोगशाळेत मोरचुदाच्या बशीवर रेघ ओढून बघतो, तीन-चार दिवसांत कळेल. तोवर दुकानदाराशी भांडू नकोस. आणि न तडकलेली चार डाळिंबंही आण. साल डागाळलेली चालेल, दाणे गोडच असतात.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
श्री