आधी खरारा, मग रिकीब

मा. संपादक,
स. न.

मे महिन्याची सुट्टी जवळ आली की 'दहा दिवसांत घोडेस्वारी'च्या जाहिराती दिसू लागतात. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली भारताने ड्रेसाजचे, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचे, सांघिक सुवर्ण जिंकले, त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. तेव्हा मुलांना घोड्याची ओढ वाटली तर आनंदच आहे. पण शिबिरांतले चित्र बहुधा असे असते: मूल येते, आधीच खोगीर चढवलेल्या घोड्यावर त्याला उचलून ठेवतात, मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा, लगाम धरून चार फेऱ्या मारतो, फोटो निघतो, की पुढचे मूल चढते. याला फार तर बसवणे म्हणता येईल. आमचे म्हणणे एवढेच, की तासातला निम्मा वेळ मुलाचे पाय जमिनीवर असावेत. त्या वेळात काय शिकवायचे, ते सविस्तर लिहीत आहोत.

घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, मात्र नाकाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या सरळ मागे दिसत नाही. साडेतीनशे-चारशे किलोच्या जनावराला न दिसता मागून हात लावला तर ते लाथ झाडणारच. त्यात खोडसाळपणा नसतो. म्हणून मुलाने आवाज देत, डाव्या खांद्याच्या रोखाने जावे आणि पहिला हात नाकावर न ठेवता खांद्यावर ठेवावा. मागून वळसा घालायचा तर पुठ्ठ्यावर, म्हणजे घोड्याच्या ढुंगणावर, हात ठेवून, अंगाला खेटून जावे, नाहीतर तीन-साडेतीन मीटर लांबून. दीड मीटरवरून जाणे सर्वांत वाईट, कारण लाथेचा पूर्ण जोर तिथेच बसतो. दोरी हाताला कधी गुंडाळू नये. घोडा बुजला तर गुंडाळलेली दोरी बोटे घेऊन जाते. उरलेली दोरी घड्या घालून मुठीत धरावी.

कान वाचायलाही इथेच शिकवावे. मागे चपटे दाबलेले कान म्हणजे 'लांब राहा'. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचे कान टोकाला आत वळलेले असतात, त्यामुळे नवख्याला ते सदा टवकारलेले वाटतात. तिथे टोकाकडे न बघता कानाचे बूड कुठे झुकले आहे ते बघायचे.

मग खरारा, म्हणजे घोड्याचे अंग घासणे. शिबिरवाले हे काम मोतद्दारावर सोडतात आणि तिथेच अर्धे शिक्षण हातचे जाते. खरारा म्हणजे नुसती स्वच्छता नव्हे, ती रोजची तपासणी आहे. रबरी खरारा मानेपासून मागे गोल-गोल फिरवायचा, पण मांसल भागावरच. गुडघ्याखाली आणि तोंडावर मऊ ब्रश. ब्रश एका हातात असताना दुसरा हात अंगावर ठेवायचा. पाठीवर फोड आहे का, तंगाच्या, म्हणजे खोगीर बांधायच्या पोटाखालच्या पट्ट्याच्या, जागी कातडी सोलली आहे का, एखादा पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतो का, हे त्या रिकाम्या हातालाच कळते. दहा वर्षांच्या मुलाला हे सहज जमते आणि मुले ते मोठ्यांपेक्षा मन लावून करतात.

खूर उचलताना मुलाने शेपटीकडे तोंड करून घोड्याला समांतर उभे राहावे, खांद्यापासून हात सरकवत खाली न्यावा, घोट्याच्या वर हलके दाबावे आणि खूर वर आला की खालून आधार द्यावा. गुडघे टेकून किंवा मांडी घालून कधीच बसू नये. चटकन बाजूला होता येत नाही. खूर साफ करायच्या आकड्याने टाचेकडून टोकाकडे कोरायचे. तळाशी रबरासारखा त्रिकोणी भाग असतो, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत मुरमाचे खडे अडकतात. त्या त्रिकोणात मात्र आकडा रुतवायचा नाही. पावसाळ्यात ओल्या लिदीत उभ्या राहणाऱ्या घोड्याच्या या खाचांतून काळे, घाण वासाचे पाणी येते. म्हणजे खूर सडू लागला. औषधाआधी तबेल्याची जमीन कोरडी करावी लागते, नाहीतर पुढच्या आठवड्यात तेच. नालबंदाची फेरी दर सहा ते आठ आठवड्यांनी हवी. नाल घट्ट दिसत असली तरी खूर वाढतच असतो.

'खोगीरभरती' हा शब्द आपण निरुपयोगी माणसांसाठी वापरतो, पण खोगिराच्या आतली भरती कशी आहे यावर घोड्याची पाठ अवलंबून असते. भरतीचे गोळे झाले की वजन दोन-चार ठिकाणीच पडते आणि तिथे जखम होते. मुलाला खोगिराच्या खालच्या बाजूने तळहात फिरवायला लावावे, गोळे हाताला लागतात. कापड आणि खोगीर आधी थोडे पुढे, मानेच्या बुडाशी ठेवून मग मागे सरकवायचे, म्हणजे खालचे केस सरळ बसतात. कापड खांद्यांमधल्या उंचवट्यावर ताणून न ठेवता खोगिराच्या पोकळीत वर ओढून घ्यायचे. तंग एका दमात आवळू नये. कित्येक घोडे तंग लागताना पोट फुगवतात. दोन भोके आवळा, दहा पावले चालवा, पुन्हा आवळा, आणि मूल बसल्यावर आणखी एकदा बघा. हे न केल्याने खोगीर फिरते आणि मूल पोटाखाली जाते.

रिकीब म्हणजे स्वाराने पाय ठेवायची कडी. तिचे माप सोपे आहे. बोटांची टोके पट्ट्याच्या बकलाला लावली की रिकीब काखेत यावी. पुढची दुरुस्ती वर बसल्यावर. रिकिबीची रुंदी बुटापेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर जास्त असावी. अरुंद असली तर पाय अडकतो, फार रुंद असली तर आरपार जातो, आणि दोन्हींत फरफट होते. म्हणूनच टाचेचे बूट. सँडल किंवा खेळाचे सपाट बूट चालत नाहीत. मोठ्यांच्या खोगिरावर रिकिबी लांब पडतात म्हणून मुलांचे पाय वरच्या चामडी पट्ट्यात घालण्याची चाल काही ठिकाणी आहे. ती ताबडतोब बंद व्हावी, कारण मूल पडताना पट्टा पाय सोडत नाही. शिरस्त्राण घोडेस्वारीचेच हवे, सायकलचे नव्हे. एकदा जोरात आपटलेले शिरस्त्राण वरून धड दिसले तरी बाद समजावे.

आता स्वारी. पहिले चार-पाच दिवस मुलाच्या हाती लगाम देऊच नये. घोडा आठ-दहा मीटरच्या दोरीवर गोल फिरतो, दोरी शिक्षकाच्या हातात, मूल खोगिराच्या पुढच्या पट्ट्याला धरून. पंधरा-वीस मिनिटे पुरेत. कारण असे, की तोल जाऊ लागला की नवखे मूल गुडघे आवळते आणि लगामाला लोंबकळते. गुडघे आवळले की बूड वर उचलले जाते. लगामाला लोंबकळले की तोंडातले लोखंड घोड्याच्या जबड्यातल्या दातांविना उघड्या हिरडीवर रुतते. घोडा डोके उडवतो, मूल आणखी ओढते, आणि शिक्षक म्हणतो 'घोडा अडेल आहे'. मांड, म्हणजे खोगिरावरची बैठक, आधी पक्की झाली की हात आपोआप मोकळे होतात. कान, खांदा, कंबर आणि टाच एका ओळीत आहेत का, हे बाजूने पाहणाऱ्या दुसऱ्या मुलालाच सांगायला लावावे. साध्या चालीत टापांचे चार ठोके ऐकू येतात, दुडकीत (हळू धावण्यात) दोन, दौडीत तीन. मुलाने डोळे मिटून ते मोजले, की दुडकीत कधी उठायचे आणि कधी बसायचे हे वेगळे शिकवावे लागत नाही. उतरण्याचा सरावही पहिल्याच दिवसापासून: आधी दोन्ही पाय रिकिबीतून बाहेर, मग पुढे वाकून उजवा पाय मागून फिरवत खाली. एक पाय रिकिबीत ठेवून उतरायची सवय मुलांना लावू नये.

स्वारी संपल्यावर तंग एक-दोन भोके सैल करून दहा मिनिटे चालवत न्यावे. घामेजलेल्या घोड्याला पाणी पाजू नये, हा समज अजून पक्का आहे. थोडे थोडे करून पाणी जरूर द्यावे, मध्ये चालवावे. तासभर टाळायची ती चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक. उन्हाळ्यात घोडा दिवसाला चाळीस लिटरच्या वर पाणी पितो आणि घामावाटे मीठ जाते, म्हणून सैंधवाचा खडा समोर हवा. विदर्भ-मराठवाड्यात तर मे महिन्यात सकाळी आठनंतर स्वारी नकोच.

चाऱ्याबाबत मुलांना एक गोष्ट पक्की सांगावी: घोड्याला उलटी करता येत नाही. आत गेलेले चुकीचे अन्न परत फिरत नाही, त्यातून पोटशूळ होतो आणि तो जिवावर बेतू शकतो. दिवसभर थोडा थोडा चारा आणि एका वेळी दोन किलोपेक्षा कमी चंदी, हा हिशेब. शिळा पाव, आंब्याच्या कोयी, मक्याची बोंडे लाडाने देऊ नयेत. गाजर लांब चिरून द्यावे. गोल चकत्या घशात अडकतात. हाताने द्यायचे तर तळवा सपाट, अंगठा आत. घोडा सारखा पोटाकडे वळून बघतो, लोळतो, लीद टाकत नाही, असे दिसले तर मुलाने लगेच मोठ्यांना सांगावे आणि मोठ्यांनी पशुवैद्याला.

पालकांनी घोड्याचा ग्लँडर्स चाचणीचा अहवाल मागायला संकोचू नये. हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही आणि बाधित घोडा कायद्याने मारावा लागतो. धनुर्वाताची लस मात्र घोड्यालाही हवी आणि मुलालाही.

घोडा मारवाडीच हवा, उंचच हवा, हा हट्टही सोडावा. धनगरांच्या तांड्यांबरोबर चालत आलेला बुटका, दणकट भीमथडी जातीचा घोडा मुलांच्या मापाचा आहे. शिकवायला माणसेही आहेत. माथेरानला वर्षानुवर्षे घोडे सांभाळणाऱ्या अनेकांना खूर आणि पाठ जितकी कळते, तितकी गणवेशातल्या सगळ्याच प्रशिक्षकांना कळत नाही. शिबिरवाल्यांनी त्यांना मानधन देऊन बोलवावे.

आपल्याकडे एक विनंती. सुट्टीतील शिबिरांची यादी छापताना शुल्क आणि वेळेबरोबर आणखी चार रकाने द्यावेत: शिरस्त्राण शिबिराकडून मिळते का, एका घोड्यावर दिवसाला किती मुले बसतात, ग्लँडर्स चाचणी कोणत्या तारखेची आहे, आणि खरारा कोण करतो. शेवटच्या रकान्यात 'मोतद्दार' असे उत्तर आले, तर पालकांनी पुढचे शिबिर बघावे.

आपले,
घोडेस्वारीचे काही प्रशिक्षक व मोतद्दार, पुणे