पुराची भीती आणि मेंदूचा 'नकाशा'

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की 'मेंदूचा नकाशा काढून भीती मुळापासून घालवू' अशी रंगीत पत्रके पेपरात घालून घरोघरी येतात. (आपला दोष नाही, ती वाटणारी मुले घालतात.) सांगलीत समुपदेशन करते म्हणून लिहिते. चिंतारोगाचे किंवा नैराश्याचे निदान आजही माणसाशी बोलूनच होते, स्कॅनवरून नाही. गाठ, फिट किंवा डोक्याला मार अशी शंका असली तर डॉक्टर एमआरआय, ईईजी सांगतात, ती बाब वेगळी.

मेंदूविज्ञान आम्हाला उपयोगी पडते ते यंत्राशिवाय. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी 45. गावभागातल्या एक काकू अजून पाऊस लागला की डबे माळ्यावर चढवतात आणि मोबाइलवर पाणीपातळी बघत रात्र काढतात, नदी 15 फुटांवर असली तरी. अशी शिकलेली भीती पुसली जात नाही. तिच्या जोडीला 'आत्ता धोका नाही' हे नव्याने शिकावे लागते, आणि मग मेंदूचा कपाळामागचा भाग अमिग्डालाला, म्हणजे मेंदूतल्या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाला, आवर घालू लागतो. म्हणून आधी घरात पावसाचा नुसता आवाज, मग उन्हाच्या दिवशी घाटाच्या पायऱ्या, मग आभाळ भरून आलेले असताना त्याच पायऱ्या. जागा आणि वेळ मुद्दाम बदलतो, कारण एका ठिकाणी शिकलेले दुसरीकडे टिकेलच असे नाही. विझलेला प्रतिसाद काही काळाने पुन्हा उसळतो, हे कुत्र्यांवर प्रयोग करणाऱ्या रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हनेही नोंदवले होते. काकूंना हे आधीच सांगून ठेवले, त्यामुळे भीती परतली तेव्हा 'सगळे वाया गेले' म्हणून त्या घरी बसल्या नाहीत.

यातले बरेच संशोधन उंदरांवरचे, ते जसेच्या तसे माणसाला लावता येत नाही. आणि पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे निघाले की सामान हलवायचेच! ती भीती घालवायला कुणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

एक विनंती. पावसाळ्यात आपण रोज पाणीपातळी छापता, त्याच चौकटीत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांकही छापावा. रात्री दोन वाजता जागे असणाऱ्यांना तो लागतो.

– एक समुपदेशक, विश्रामबाग, सांगली